सहा वर्षं कंबर दुखतेय. ‘टीम क्लिनिक’मध्ये गेल्याने फरक पडेल का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ४६. इचलकरंजीत घरीच शिवणकाम करते, जास्त करून ब्लाऊजचं. मिस्टर यंत्रमागावर आहेत. सहा वर्षं झाली, कंबर दुखते, कधी कधी डाव्या मांडीपर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये ‘गादी सरकलीय, मणक्यांची झीज आहे’ असं आलं. पट्टा लावला, ट्रॅक्शन (वजनाने कंबर ताणायचा उपचार) घेतलं, दोनदा मणक्यात इंजेक्शन झालं, पंचकर्म झालं, मसाज झाला. प्रत्येक वेळी महिना-दोन महिने बरं, मग परत तेच. आता मेडिकलमधून गोळी आणते आणि ती घेतली की मशीनवर बसते. लग्नसराईत सलग बसते आणि मग चार दिवस आडवी होते. झोप नाही, चिडचिड होते. ऑपरेशन दोन डॉक्टरांनी नको सांगितलं. त्यातल्या एकांनी पुण्यातल्या एका क्लिनिकची चिठ्ठी दिलीय. तिथे वेदनेचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ मिळून बघतात म्हणे. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दर वेळी तीन तास. बहीण हडपसरला आहे, तिच्याकडे राहता येईल. पण सासूबाई म्हणतात, दुखतेय कंबर, मग डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला? मिस्टर म्हणतात, एवढा खर्च करून गॅरंटी काय? आणि मला वाटतं, डॉक्टरांना माझं दुखणं खोटं वाटतंय का? जाऊ का मी?

उत्तर :

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. जा. पण कंबर ठणठणीत होऊन परत येईन, अशा आशेने जाऊ नका. जास्त वेळ बसता येईल, रात्री झोप लागेल, काम महिनाभर सारखं करता येईल आणि दुखण्याची धास्ती कमी होईल, एवढी आशा धरून जा. ही आशा पुरी होण्याची शक्यता बरीच आहे. पहिल्या आशेवर गेलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘अजून दुखतंयच की’ म्हणून सोडून देतात. फिजिओथेरपीच्या माझ्या कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि दर वेळी वाटलंय की यांना कुणीतरी आधीच खरं सांगायला हवं होतं.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं, म्हणजे चालताना पाऊल घासणं किंवा चप्पल नकळत निसटणं, यातलं काही नव्याने सुरू झालं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. संध्याकाळी ताप येतो, रात्री घाम फुटतो, वजन आपोआप उतरतंय, किंवा पूर्वी कधी कॅन्सर झाला होता, असं असेल तरी आधी तपासणी, मग बाकीचं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही आढळतो आणि तो कंबरदुखीच्या नावाखाली दडून राहतो. दोन डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंय, त्यामुळे असं काही नसेल बहुतेक. पण एमआरआय जुना असेल आणि मधल्या काळात काही बदललं असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

आता तुमचा तो प्रश्न, ‘माझं दुखणं खोटं वाटतंय का?’ पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. नाही ताई, खोटं वाटत नाही. ज्यांनी ही चिठ्ठी दिली त्यांनी तुमचं दुखणं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गांभीर्याने घेतलंय. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं जे नवं वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, त्यात या वेदनेला स्वतःची जागा मिळालीय. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यात शरीराला जाणवणं आणि मनाला क्लेश होणं या दोन्ही गोष्टी एकत्रच आहेत. आणि सोबत हेही लिहिलंय, की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

मग मानसशास्त्रज्ञ कशाला? वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदू त्या भागाच्या बाबतीत जास्त संवेदनशील होतात. पूर्वी ज्या वाकण्याने काहीच व्हायचं नाही, तेवढ्यानेच आता कळ येते. झोप अपुरी झाली की ही संवेदनशीलता वाढते. पैशाची काळजी, घरातले वाद यांनीही वाढते. ‘वाकले तर गादी अजून सरकेल’ या भीतीने तर फारच वाढते, कारण भीतीपोटी हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात आणि मग साधी कळशी उचलली तरी कंबर धरते. या चक्राचा बराचसा भाग मणक्याच्या बाहेर आहे. फक्त मणक्यावर केलेले उपचार तुमच्या बाबतीत दोन महिन्यांत का ओसरले, याचं उत्तर मला तिथे दिसतं.

एमआरआयच्या अहवालाबद्दलही सांगते, कारण त्यातले शब्द तुमच्या मनात घट्ट बसलेले दिसतात. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा ३३ अभ्यासांतून एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या माणसांत सुमारे ६८ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज होती आणि ५० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६० टक्के. हे सगळे न दुखणारे लोक! तुमच्या अहवालातली झीज खरी आहे, पण तुमच्या वयाच्या कितीतरी बायका तीच झीज घेऊन कसलीही तक्रार न करता मशीन चालवतात. अहवाल वाचून तुम्ही जेवढ्या घाबरलात, तेवढं घाबरण्यासारखं त्यात नाही.

एकत्र बसून उपचार करण्याची ही पद्धत काल-परवाची नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात जॉन बोनिका नावाचे तरुण भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होते. मूळचे इटलीचे. डॉक्टर होण्यासाठी पैसे मिळावेत म्हणून ते कुस्त्या खेळायचे आणि त्या दुखापतींनी त्यांना स्वतःला जन्मभर वेदना दिल्या. त्यांच्या लक्षात आलं की काही सैनिकांचं दुखणं एकट्या भूलतज्ज्ञाला, एकट्या सर्जनला किंवा एकट्या मानसोपचारतज्ज्ञाला उलगडत नाही. सगळे एका टेबलाभोवती बसले तर उलगडतं. १९६० च्या सुमारास त्यांनी सिॲटलच्या विद्यापीठात वेगवेगळ्या शाखांच्या लोकांचं वेदना क्लिनिक सुरू केलं. तिथेच विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने एक साधी आणि फार उपयोगी गोष्ट मांडली: दुखणं असह्य झाल्यावर थांबायचं नाही, ठरलेला वेळ झाला की थांबायचं. तुमच्या शिवणकामाला हे कसं लागू पडतं ते पुढे सांगते.

तर, फरक पडतो का? मिस्टरांच्या ‘गॅरंटी काय’ या प्रश्नाला मी आकड्यांनीच उत्तर देते, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे.

जुनाट कंबरदुखीवर वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या संघाने मिळून केलेल्या उपचारांचा एक मोठा आढावा, उपचारांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये केला. ४१ चाचण्या, ६,८५८ रुग्ण. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्याशी तुलना केली तेव्हा संघाकडे गेलेल्यांचं दुखणं शून्य ते दहाच्या मापावर सरासरी अर्धा ते जेमतेम दीड गुणाने जास्त उतरलं. रोजच्या कामात किती अडतं हे मोजणाऱ्या २४ गुणांच्या प्रश्नावलीत फरक सुमारे दीड ते अडीच गुणांचा होता. म्हणजे तुम्ही आज दुखण्याला सात देत असाल, तर नेहमीच्या उपचारांनी जे होईल त्याहून थोडं जास्त खाली याल. चमत्कार नाही. तुम्हाला कुणी ‘दुखणं शून्यावर आणतो’ म्हणालं तर या पुराव्याच्या आधारे त्याला खुशाल नाही म्हणा.

पण त्याच आढाव्यात दुसरी एक गोष्ट आहे आणि तुमच्यासाठी मी ती जास्त मोलाची मानते. फक्त शारीरिक उपचार, म्हणजे नुसते व्यायाम, शेक, मसाज वगैरे घेतलेल्यांशी तुलना केली, तर संघाकडे गेलेले लोक वर्षभराने कामावर असण्याची शक्यता जवळपास दुपटीला पोचत होती. नेहमीच्या उपचारांशी तुलना केली तेव्हा मात्र कामाच्या बाबतीत फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला यातून एवढं कळतं, की संघाच्या उपचारांचा जोर दुखण्याच्या आकड्यापेक्षा माणसाच्या दिवसावर जास्त पडतो. त्याआधी, १९९२ मध्ये ६५ अभ्यासांचा एक आढावा झाला होता. त्यातही संघाकडून उपचार घेतलेला सरासरी रुग्ण, उपचार न मिळालेल्या किंवा एकाच प्रकारचा उपचार मिळालेल्या रुग्णांपैकी ७५ टक्क्यांपेक्षा चांगल्या स्थितीत होता. ते अभ्यास आजच्या कसोट्यांवर कच्चे आहेत, पण दिशा तीच आहे.

सरासरीबद्दल मिस्टरांना हेही सांगा: काहींना खूप फायदा होतो, काहींना काहीच होत नाही, आणि दोन्ही मिळून हे छोटे आकडे तयार होतात. तुम्ही त्यात कुठे बसाल हे आधी कुणालाच सांगता येणार नाही. मात्र शस्त्रक्रियेशी तुलना झाली तेव्हा संघाचे उपचार तिच्यापेक्षा कमी ठरले नाहीत, आणि शस्त्रक्रियेचे धोके त्यात नाहीत. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

तासांचा हिशेबही बघू. २००१ मध्ये दहा चाचण्यांच्या एका आढाव्यात दिसलं होतं की शंभराहून जास्त तासांच्या भरगच्च कार्यक्रमांनी काम करण्याची क्षमता सुधारली आणि तीस तासांच्या आतल्या कार्यक्रमांनी फारसं काही झालं नाही. तुमचा कार्यक्रम आठ आठवडे, दोनदा, तीन तास, म्हणजे ४८ तासांचा. मधला आहे. पुढच्या अभ्यासांत तासांचं गणित इतकं सरळ राहिलं नाही, त्यामुळे ४८ तास कमी म्हणून मी तुम्हाला अडवणार नाही. पण या ४८ तासांच्या बाहेर, बहिणीच्या घरी, रोज काय करायचं हे ते लिहून देतात का, ते जरूर विचारा. खरा बदल त्या वेळात घडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाटीवर ‘पेन क्लिनिक’ लिहिलंय म्हणून आत संघ असेलच असं नाही. आपल्याकडे बऱ्याच पेन क्लिनिकमध्ये एकच भूलतज्ज्ञ असतात आणि त्यांचा मुख्य उपचार म्हणजे नस बधिर करण्याची इंजेक्शनं. ती काहींना उपयोगी पडतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तो वेगळा उपचार झाला, आणि तुम्ही तो दोनदा घेतलाय. काही ठिकाणी तिघं-चौघं तज्ज्ञ असतात, पण एक जण व्यायाम वाढवायला सांगतो, दुसरा विश्रांती घ्यायला सांगतो, तिसऱ्याला पहिल्या दोघांनी काय सांगितलं त्याचा पत्ता नसतो. चार जणींनी आपापल्या मापाने एकच ब्लाऊज शिवायला घेतला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. तुमची सहा वर्षं बऱ्याच अंशी अशीच गेली आहेत. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांची आपसात गाठच पडली नाही.

म्हणून चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन करा आणि न संकोचता विचारा. माझ्या फाइलवर तुम्ही सगळे मिळून बसता का, आणि कधी? फक्त फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर ते पुरेसं नाही. सुरुवातीला काय मोजता आणि शेवटी काय मोजता? फक्त दुखण्याचा आकडा मोजत असतील तर अपुरं. बसण्याचा वेळ, चालण्याचं अंतर, झोप, मूड, गोळ्यांची संख्या हेही मोजलं पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर तीन किंवा सहा महिन्यांनी परत बोलावता का? मानसशास्त्रज्ञ मराठीत बोलतात का? हा प्रश्न क्षुल्लक समजू नका, आपल्या मनातली भीती परक्या भाषेत सांगता येत नाही. एकूण खर्च किती, तो लिहून द्याल का, आणि त्यात इंजेक्शन किंवा मशीनच्या उपचारांचं पॅकेज जोडलेलं आहे का? पहिल्याच भेटीत मोठं पॅकेज पुढे केलं किंवा ‘शंभर टक्के गॅरंटी, बिना ऑपरेशन कायमचं बरं’ असं ऐकवलं, तर तिथून उठून या.

फोर्डाइसचं सूत्र तुम्हाला तिथे शिकवतीलच, पण आजपासूनच सुरू करता येईल. लग्नसराईत सलग बसायचं आणि मग चार दिवस आडवं व्हायचं, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात नुकसानीचा वाटलेला भाग. चार-पाच दिवस घड्याळ लावून बघा: सगळ्यात वाईट दिवशीही मशीनवर किती मिनिटं बसता येतं? समजा पंचवीस. तर वीस मिनिटं झाली की उठायचं, दुखत असो वा नसो. दोन-तीन मिनिटं चालायचं, कंबर मागे वाकवायची, पाणी प्यायचं, परत बसायचं. चांगल्या दिवशी ‘आज जमतंय तर उरकून टाकू’ हा मोह सगळ्यात वाईट. चांगल्या दिवशीही वीसच. आठवडाभर नीट जमलं की दोन-तीन मिनिटं वाढवा. काज-बटण, हूक, हातशिलाई ही कामं मशीनवरून उठून, वेगळ्या बैठकीत किंवा उभ्याने ओट्यावर करा, म्हणजे शरीर एकाच स्थितीत राहणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत काम कमी निघेल. गिऱ्हाइकांना तारखा पुढच्या द्या. महिन्याचा हिशेब केलात तर चार-चार दिवस आडवं पडणं वाचल्याने तेवढेच ब्लाऊज निघतील, कदाचित जास्तच.

पट्टा आणि ट्रॅक्शनचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याबद्दल समजावून सांगणं, मानसशास्त्रीय उपचार आणि या सगळ्यांना एकत्र गुंफणारी सेवा यांची शिफारस आहे, आणि कमरेचे पट्टे व ट्रॅक्शन नेहमीच्या वापरात नकोत असं म्हटलंय. पट्टा कायम लावत असाल तर तो एकदम फेकू नका, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने वेळ कमी करत आणा.

गोळीबद्दल मात्र मला कडकच बोलावं लागेल. मेडिकलमधून स्वतः आणलेली दुखण्याची गोळी महिनोन्‌महिने घेतली तर पोटात व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो, किडनीला इजा होऊ शकते, रक्तदाब वाढू शकतो. वयाच्या ४६ व्या वर्षी हे सगळं अंगावर ओढून घेऊ नका. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि किडनीची तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली नसांची किंवा झोपेची काही औषधं चालू असतील तर ती मात्र मनाने एकदम बंद करू नका, तसं करणं धोक्याचं ठरू शकतं. क्लिनिकमध्ये कदाचित तुम्हाला नैराश्यासाठी वापरली जाणारी एखादी गोळी कमी मात्रेत देतील. अशा काही गोळ्या वेदनेच्या संदेशांवरही काम करतात, म्हणून देतात. मेडिकलवाल्याने ‘ही तर डिप्रेशनची’ म्हटलं तर बिचकू नका.

खर्चाची बाजू कठीण आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत रुग्णालयात दाखल झालं तर पैसे मिळतात. बाह्यरुग्ण विभागात महिनाभर चालणाऱ्या व्यायामाचे आणि समुपदेशनाचे सहसा मिळत नाहीत. अमेरिकेतही हेच झालं. विमा कंपन्या इंजेक्शनं आणि शस्त्रक्रियांचे पैसे द्यायच्या, संघाच्या कार्यक्रमांचे द्यायला कुरकुर करायच्या, आणि १९९० नंतर तिथली बरीच अशी केंद्रं बंद पडली. त्याच काळात अफूजन्य गोळ्यांचा वापर तिथे बेसुमार वाढला आणि त्याची किंमत त्या देशाने माणसांच्या जिवाने मोजली. जी सेवा रुग्णाला स्वतःच्या पायावर उभं करते तिलाच पैसे मिळत नाहीत, ही व्यवस्थेची चूक आहे, आणि ती आपल्याकडे होऊ नये म्हणून डॉक्टरांनी, रुग्णांनी, आपण सगळ्यांनीच बोललं पाहिजे.

पुण्याचा खर्च झेपणार नसेल तर मार्ग बंद झाला असं मुळीच नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे. पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार), समाजसेवक असे लोक तिथे एका छताखाली मिळतात. तुमच्या जवळ कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्याने अस्थिरोग, भूलशास्त्र, मानसोपचार असे विभाग एकाच संस्थेत आहेत. तिथे संघ आपोआप तयार मिळणार नाही, तो तुम्हाला जुळवावा लागेल. त्यासाठी एक वही करा. प्रत्येक डॉक्टरने काय सांगितलं, कोणती गोळी, कोणता व्यायाम, सगळं त्या एकाच वहीत. एक डॉक्टर ठरवा, फॅमिली डॉक्टर चालतील, ज्यांना प्रत्येक भेटीनंतर ही वही दाखवायची आणि दोन सल्ले एकमेकांविरुद्ध गेले तर निर्णय त्यांनी करायचा. ध्येयही एकच लिहा, तेही मोजता येईल असं: ‘दिवाळीपर्यंत मध्ये उठत-बसत रोज चार तास मशीन’ किंवा ‘अंबाबाईच्या देवळात रांगेत उभं राहता आलं पाहिजे’. मग सगळ्यांना तेच ध्येय सांगा.

अशी जुळवाजुळव करून काही होतं का? ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तिथे संघ नव्हताच. खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टनीच बारा आठवड्यांत सात भेटींपर्यंत रुग्णांना त्यांचं दुखणं समजावलं, भीती वाटणाऱ्या हालचाली हळूहळू करायला लावल्या, झोप आणि दिनक्रमावर काम केलं, आणि सहा महिन्यांनी एकदा परत बोलावलं. दैनंदिन कामातली सुधारणा चांगली ठळक होती आणि वर्षभर टिकली. याचा अर्थ मी असा घेते, की शरीर, मन आणि रोजचं काम यांचा एकत्र विचार करणारं कुणीतरी हवं. ते चौघं मिळून करतील, नाहीतर नीट शिकलेला एखादा फिजिओथेरपिस्टही करील. इचलकरंजी-कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट शोधताना हे बघा: तो तुम्हाला फक्त मशीनखाली झोपवतो, की उठवून, वाकवून, तुमचं ऐकून घेऊन काही शिकवतो?

मन फारच खचलं, रात्री नको नको ते विचार यायला लागले, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सहा वर्षं दुखणं काढणाऱ्या माणसाचं मन थकणं अगदी साहजिक आहे.

राहता राहिलं घर. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की दुखणं कमरेचं आहे आणि झोप उडालीय ती त्याच्यामुळे, म्हणून एकीला कमरेचं बघू दे आणि एकीला झोपेचं. त्यांच्या पिढीतल्या बायका दुखणं गिळून काम करत आल्या, त्यामुळे त्यांना हे लाड वाटत असतील. मनात माया नसेल असं नाही. मिस्टरांना मात्र पहिल्या भेटीला सोबत न्याच. एक तर गॅरंटीचा प्रश्न त्यांनी तिथल्या डॉक्टरांना स्वतः विचारावा. दुसरं म्हणजे चांगल्या क्लिनिकमध्ये घरच्यांनाही शिकवतात, की तुम्ही कण्हलात की हातातलं काम काढून घेणं ही मदत नसते, आणि ‘तुझं रोजचंच आहे’ म्हणणं तर नसतंच. ठरलेल्या वेळाला ‘उठ आता, वीस मिनिटं झाली’ एवढं त्यांनी म्हटलं तरी पुष्कळ.

जाताना एमआरआयची फिल्म आणि अहवाल, मागच्या इंजेक्शनांचे कागद आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर घ्या, मेडिकलमधून आणलेल्यांचीसुद्धा. लग्नसराईच्या तोंडावर सुरुवात करू नका, ऑर्डरी कमी असतात असे दोन महिने निवडा. चौथ्या आठवड्यात त्यांच्याकडे मोजमाप मागा: बसण्याची मिनिटं वाढली का, झोप सुधारली का, गोळ्या कमी झाल्या का. यातलं एकही हललं नसेल तर त्यांना तसं स्पष्ट सांगा आणि उरलेल्या चार आठवड्यांत ते काय बदलणार आहेत ते विचारा. काहीच बदलणार नसतील तर पैसे वाचवून घरी या आणि कोल्हापुरात वहीचा मार्ग धरा.